घर आणि आवार : लेखांक 9
कुंपणाची परीक्षा जमिनीखाली

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या लेआऊटमधून जूनच्या आधी एक फेरी मारावी आणि दिवाळीनंतर त्याच रस्त्यानं पुन्हा जावं. पहिल्या खेपेला एका रेषेत उभे असलेले सिमेंटचे खांब दुसऱ्या खेपेला कुठे आत झुकलेले, कुठे रस्त्याकडे कललेले दिसतात. जाळीला मधेच पोट सुटलेलं असतं. विटांचं वालकंपाउंड असेल तर कोपऱ्याजवळ वरपासून खालपर्यंत तिरकी भेग गेलेली असते. घरमालक तारेला दोष देतो, कंत्राटदार पावसाला. बहुतेक वेळा तार ठीक असते आणि पाऊसही नेहमीचाच पडलेला असतो. चूक झालेली असते ती खड्ड्यात.

जिल्ह्याच्या उत्तर-पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा. या नद्यांच्या काठानं काळी माती खोल आहे. टेकड्यांच्या उतारांवर मात्र थोडं खणलं की मुरूम लागतो. कपाशीला मानवणारी ही काळी माती बांधकामाला फार त्रास देते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच आकसण्यामुळे. वर्षातून एकदा जमीन अशी वर-खाली होत असेल, तर दीड फूट खोल रोवलेला खांब तिच्याबरोबर हलणारच.

म्हणून कुंपणाची जात ठरवण्याआधी आवारात दोन-तीन ठिकाणी खणून पाहावं. हातभर खाली मुरूम लागला तर विटांची भिंत, प्रीकास्ट, जाळी, काहीही चालतं. चार-पाच फुटांपर्यंत काळीच माती निघाली तर साध्या पायावरची विटांची भिंत टाळलेली बरी. ती बांधायचीच असेल तर काळ्या मातीसाठीचा पाया करावा लागतो. खाली बल्बसारखे फुगवलेले अंडर-रीम्ड पाइल, त्यांच्यावर काँक्रीटची बीम आणि मातीला फुगायला जागा मिळावी म्हणून बीमखाली सोडलेली फट. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं देशात रुजवलेली ही पद्धत खात्रीची आहे, पण एका कुंपणासाठी तेवढा खर्च क्वचितच कोणी करतो. अशा जमिनीत जाळीचं कुंपण शहाणपणाचं, कारण ते थोडं हललं तरी तडकत नाही आणि ताण सैल झाला तर पुन्हा देता येतो.

प्रीकास्टचं, म्हणजे खाचेच्या खांबांत सिमेंटच्या फळ्या सरकवलेल्या भिंतीचं, सध्या तालुक्याच्या गावांतही पेव फुटलं आहे. काम झटपट होतं, दिसायला भिंत मिळते, पुढे उखडून दुसरीकडे नेताही येते. पण तिचा सगळा भार खांबांवर असतो. एक खांब कलला की खाच उघडते आणि फळी सुटते. मुरमाच्या जमिनीत ती उत्तम, खोल काळ्या मातीत भरवशाची नाही, हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही.

भिंतीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. 22 जुलै 2023 च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं आणि लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची मदत मागावी लागली. त्या पावसानं जिल्हाभर घरांत पाणी शिरलं. उतारावरच्या आवाराला वरच्या बाजूनं सलग भिंत घातली की ती बांधासारखं पाणी अडवते. मग एक तर भिंत पडते किंवा पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. भिंतीत खालच्या थरात जागोजाग मोरी सोडणं किंवा पाण्याच्या वाटेवर तेवढ्या भागात जाळी लावणं, हे आराखड्यातच लिहून घ्यावं.

आता हद्द. विदर्भात धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात आणि घराचं आवारही त्याला अपवाद नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, त्यावरून हद्दीची रेघ ठरत नाही. शहरात मिळकत पत्रिका आणि नगर भूमापनाचा नकाशा पाहावा. गावठाणात स्वामित्व योजनेखाली ड्रोनची मोजणी होऊन पत्रिका मिळाली असेल तर ती काढून घ्यावी. वाद असेल किंवा नुसती शंका असेल, तरी भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या धारकांना रीतसर नोटीस जाते, भूकरमापक खुणा दाखवतो आणि नकाशाची ‘क’ प्रत हातात येते. त्या खुणांवर चुन्याची रेघ मारून, शेजाऱ्याला बोलावून फोटो काढून ठेवला तर पुढचा ताप वाचतो. भिंत सामाईक रेषेवर घालायची असेल तर खर्च आणि दुरुस्ती कोणाकडे, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. शेजारधर्म तोंडी निभावतो, पण घर विकलं गेलं की नवा मालक कागदच मागतो.

नगरपरिषदेच्या हद्दीत उंचीचेही नियम आहेत. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियमावलीप्रमाणे कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंच घालता येते, 2.4 मीटरपर्यंत जायचं तर वरचे 0.9 मीटर जाळीचे किंवा गजाचे, आरपार दिसतील असे ठेवावे लागतात. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणाजवळ बंधन आणखी कडक आहे, कारण तिथे भिंतीआडून येणारी गाडी दिसली पाहिजे. काम सुरू करण्याआधी नगररचना विभागात विचारून घेतलेलं बरं.

यानंतरचा प्रश्न : कुंपण कोणासाठी? गुरं, शेळ्या, रानडुक्कर, वानर, चोर, की नुसती हद्द राखायला? काटेरी तारेच्या पाच ओळींतून शेळीचं पिल्लू सहज आत येतं. ती तार गुरांसाठी जन्मली. अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडननं 1874 मध्ये तिचं पेटंट घेतलं ते कुरणांसाठीच. लहान मुलं खेळतात त्या आवाराला ती लावूच नये. परसबागेत कोंबड्या, भाजी, फुलझाडं असतील तर दोन इंची चौकटीची जाळी घ्यावी. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या बाजूच्या गावांत रानडुक्कर आवारापर्यंत येतो आणि तो जाळीवरून उडी मारत नाही, खालून मुसंडी मारतो. तिथे जाळीची खालची कड सहा-आठ इंच जमिनीत पुरावी किंवा खाली काँक्रीटची पट्टी ओतून तिच्यात धरावी. वानराला मात्र यातलं काहीच अडवत नाही. वानरं थांबतील असं जो विक्रेता छातीठोकपणे सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवू नये.

आणि हिरवं कुंपण? ते स्वस्त म्हणून नव्हे, तर चांगलं म्हणून निवडण्यासारखं आहे. करवंद, सागरगोटा, मेंदी, निर्गुडी, घायपात या सगळ्यांना विदर्भाचा उन्हाळा सोसतो. निर्गुडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. मोगली एरंडालाही नाही, पण त्याच्या बिया विषारी असतात आणि मुलं त्या खातात, म्हणून घराजवळ तो नको. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, त्यालाही दूरच ठेवावं.

बोरी-बाभळीच्या काट्यांची वाळकी कुपाटी आणि जिवंत झाडांचं कुंपण यांतला फरक इंग्रजांनी फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला. मिठावरचा कर चुकवून माल जाऊ नये म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकात पंजाबातून खाली थेट बुऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत काट्यांचं कुंपण उभारलं होतं. वऱ्हाडाच्या अगदी वेशीजवळ. आधी ते वाळक्या काट्यांचं होतं. वाळवी, वणवा आणि वादळ त्याला दरसाल खात आणि गाड्याच्या गाड्या काटे पुन्हा आणून टाकावे लागत. मग सीमाशुल्क आयुक्त असलेल्या ए. ओ. ह्यूम यांनी, पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम, जिवंत झाडं लावण्यावर जोर दिला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, जिथे जे रुजेल ते. 1879 मध्ये ती सीमाशुल्क रेषा बंद झाली आणि कुंपण विस्मरणात गेलं. रॉय मॉक्सहॅम या लेखकानं त्याचा माग काढून 2001 मध्ये पुस्तक लिहिलं. करामागचा हेतू जुलमी होता, पण कोणती झाडं या मातीत कुंपण म्हणून टिकतात याचा एवढा मोठा प्रयोग दुसरा झालेला नाही. आजही जाळीच्या आतून दीड फुटावर करवंदाची ओळ लावली तर तीन-चार वर्षांत जाळी गंजायला लागण्याआधी दुसरं कुंपण तयार होतं.

आता कंपनी निवडण्याकडे वळू. कंपनी म्हटलं तरी तालुक्याच्या ठिकाणी हा बहुधा जाळी विणणारा कारखानदार, फॅब्रिकेशनवाला किंवा खांब ओतणारा असतो. किमान तिघांकडून कोटेशन घ्यावं आणि नुसता रनिंग फुटाचा भाव ऐकून परतू नये. त्या भावात तारेचा गेज, चौकट, खांबाची लांबी, दोन खांबांतलं अंतर, खड्ड्याचं माप आणि काँक्रीट यांपैकी काय काय धरलं आहे, हे लिहून मागावं.

गेजचा हिशेब उलटा चालतो, आकडा वाढला की तार बारीक. 10 गेज म्हणजे 3.25 मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 2.64. फरक बोटाला जाणवत नाही, पण वजनाला जाणवतो, कारण तारेचं वजन जाडीच्या वर्गानं वाढतं. त्यामुळे तीच जाळी 10 गेजमध्ये दीडपट जड भरते. उदाहरण घ्या. 40 बाय 60 फुटांचा प्लॉट, घेर 200 फूट, दहा फूट फाटकाचे वजा केले तर 190. पाच फूट उंच, दोन इंची चौकटीची जाळी 10 गेजमध्ये साधारण 230 ते 240 किलो भरेल. 12 गेजमध्ये 150 ते 160. म्हणजे स्वस्त कोटेशनमध्ये तब्बल ऐंशी किलो लोखंड कमी असू शकतं. बंडल काट्यावर घालून घेण्याचा आग्रह धरावा. चोख व्यवहार करणारा माणूस त्याला नाही म्हणत नाही.

हिरव्या प्लास्टिकच्या आवरणाची जाळी घेताना तर जास्त डोळे उघडे ठेवावेत. बाहेरून मोजली तर ती 8 गेजची वाटते, कारण मापात प्लास्टिकही येतं. नमुन्याच्या तुकड्यावरून ब्लेडनं अर्धा इंच आवरण खरवडावं आणि आतली तार व्हर्नियरवर किंवा हार्डवेअरच्या दुकानातल्या गेजपट्टीवर धरावी. आतली तार काळी दिसली तर तिच्यावर जस्त नाही. चंदेरी असेल तर ती जीआय. आवरणाला कुठे खरचटलं की काळी तार आतल्या आत गंजत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. भारतीय मानक ब्युरोचं जाळीसाठी आयएस 2721 आणि काटेरी तारेसाठी आयएस 278 हे मानक आहे. बिलावर त्याचा उल्लेख मागायला लाजू नये.

खांबाचं काम सुरू होईल त्या दिवशी घरातलं कोणीतरी तिथे उभं राहिलं पाहिजे. पाच फूट उंचीच्या कुंपणाला खांब किमान सात फुटांचा हवा, म्हणजे दोन फूट जमिनीत. काळ्या मातीत अडीच केला तर उत्तम. खड्डा तळाशी थोडा रुंद असावा. वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर फुगणारी माती त्यातलं काँक्रीट वर ढकलते. भोवती उकरलेली काळी माती परत लोटू नये, मुरूम टाकून धुमसून घ्यावा, आणि काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता करावा म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. सगळ्यात जास्त लक्ष कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांवर द्यावं. जाळीचा सगळा ताण तेच झेलतात, म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी तिरके टेके हवेत. काँक्रीट ओतल्यावर आठवडाभर पाणी मारून मगच तार ताणावी. मजूर मोकळे बसू नयेत म्हणून दुसऱ्याच दिवशी ताण देणारा कंत्राटदार अख्ख्या कुंपणाचं वाटोळं करतो. पैशांतला शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी.

शेवटचा मुद्दा जिवाचा आहे. जनावरांच्या त्रासानं जेरीला येऊन कोणी कुंपणाच्या तारेत घरातली वीज सोडतो. ऑक्टोबर 2017 मध्ये शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सिंदीविहिरीजवळ शेताच्या अशाच कुंपणाला चिकटून एक वाघीण मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे ‘श्रीनिवास’ हा तरुण वाघही असाच गेला. माणसं तर कितीतरी दगावली आहेत, आणि त्यांत तार लावणाऱ्याच्या घरातलीही आहेत. 230 व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो आणि स्नायू आखडल्यामुळे हात सुटत नाही. प्रमाणित झटका मशीनचा व्होल्टेज हजारोंत असतो, पण धक्का सेकंदातून जास्तीत जास्त एकदा आणि क्षणाच्या अंशापुरता येतो, त्याची ऊर्जाही मानकानं बांधलेली असते. म्हणून जनावर दचकून मागे होतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांत शेताच्या सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. घराच्या आवाराला, मुलांचा वावर असेल तिथे, झटका मशीनही नको. आणि लाईनवरून थेट वीज सोडून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

कुंपणाच्या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. माती खणण्याजोगी ओलसर असते आणि काँक्रीट उन्हानं तडकत नाही. मोजणीची तारीख मिळायला मात्र वेळ लागतो. म्हणून ज्यांना येत्या हिवाळ्यात कुंपण घालायचं आहे, त्यांनी कोटेशन मागवण्याच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज देऊन ठेवावा, आणि ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.

(पुढच्या आठवड्यात : फाटक, बिजागरी आणि गाडीचा उतार)