पेटलेला दिवा, न पेटलेला दिवा: पिकअपचं स्टेअरिंग आणि आपलं अनुमान



मागच्या वेळी आपण अनुमानावर बोललो. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथं अग्नी आहे असं आपण ठरवतो, हे न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण. व्याख्यान संपल्यावर एक तरुण जवळ आला आणि म्हणाला, "सर, डोंगर राहू द्या. माझ्या पिकअपच्या मीटरमध्ये स्टेअरिंगचा पिवळा दिवा पेटतोय. त्यावरून काय अनुमान काढायचं?" आसपासची मंडळी हसली. आम्हीही हसलो, पण घरी गेल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आजचा विषय तोच.

आधी त्याची हकिकत ऐका. कन्नडकडून अद्रक भरून तो जाधववाडीच्या बाजारात आणतो. गाडी नवीन, हप्ते चालू. दिवा पहिल्यांदा पेटला तेव्हा त्याने ओळखीच्या मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीने स्कॅनर लावला, कोड पुसला, दिवा विझला. दोन दिवसांनी परत पेटला. पुन्हा पुसला. चौथ्या दिवशी पहाटे बाजाराच्या फाटकात वळताना स्टेअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं. वळण अर्धवट राहिलं आणि समोर पोती उतरवणारा एक हमाल होता. त्याने वेळेवर उडी मारली म्हणून पाय वाचला. पुढे तपासलं तर बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरीचं टोक गंजून सैल झालेलं. वायर साफ करून आवळली, काम झालं. काम अर्ध्या तासाचं होतं, आणि दिवा चार दिवस तेच सांगत होता.

आता हा दिवा म्हणजे नक्की काय, ते पाहू. चावी फिरवली की मीटरमधले सगळे दिवे क्षणभर पेटतात आणि मग एकेक विझतात. ती गाडीची हजेरी असते, बरं का. दिवे स्वतः शाबूत आहेत हे त्यातून कळतं. म्हणून एखादा दिवा चावी फिरवल्यावरही पेटत नसेल तर खूश होऊ नका. तो बिघडलेला असेल, किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असेल. दिव्यांची चिन्हं जगभर सारखी असावीत म्हणून आयएसओ 2575 नावाचं मानक आहे. रंगांचा संकेत सोपा आहे. लाल म्हणजे धोका, सुरक्षित जागा पाहून थांबा. पिवळा म्हणजे सावध व्हा, लवकर तपासा. हिरवा आणि निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे एवढंच. स्टेअरिंगच्या दिव्यात चाकाचं चित्र असतं आणि शेजारी उद्गारचिन्ह.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झालं, तेव्हापासून मालवाहू गाड्यांच्या मीटरमध्ये दिव्यांची गर्दी वाढली. धुराचे, गाळणीचे, इंजिनाचे. त्यातले बरेच दिवे पेटले तरी गाडी त्या दिवशी चालते. त्यामुळे ड्रायव्हरला एक सवय लागते: दिवा पेटतो, गाडी चालते, म्हणजे दिव्याला अर्थ नाही. या सवयीत स्टेअरिंगचा दिवाही वाहून जातो. दहा वेळा काही झालं नाही, म्हणून अकराव्या वेळीही होणार नाही, हे अनुमान नव्हे. ती नुसती सवय आहे.

बरं, स्टेअरिंग जड का होतं? चाक फिरवायला हाताला जी मदत मिळते ती दोन प्रकारची. जुन्या पद्धतीत तेलाची. इंजिनावरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो आणि तेलाच्या दाबाने चाकं वळवायला जोर मिळतो. जास्त वजनाच्या पिकअपमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. नव्या पद्धतीत विजेची. 2019 साली आलेल्या टाटा इंट्रापासून आपल्याकडच्या छोट्या मालवाहू गाड्यांतही विजेचं स्टेअरिंग दिसू लागलं. यात स्टेअरिंगच्या दांड्यात एक छोटा पीळ बसणारा भाग असतो. तुम्ही चाक फिरवलं की तो किंचित पिळतो. किती पिळला हे सेन्सर मोजतो, गाडीचा वेग किती हे दुसरा सेन्सर सांगतो, आणि छोटा संगणक मोटरला हुकूम देतो: एवढा जोर लाव. गाडी हळू असेल तर जास्त, वेगात असेल तर कमी.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मदत गेली म्हणजे स्टेअरिंग गेलं असं नाही. हातातलं चाक आणि रस्त्यावरची चाकं यांच्यात लोखंडी दांडे आहेत, ते तसेच राहतात. गाडी वळते, फक्त ताकद खूप लागते. पण गाडी भरलेली असेल, वेग कमी असेल आणि वळण तीव्र असेल, तर ती ताकद एकदम आणणं कठीण जातं. त्या तरुणाचं तेच झालं.

मग मदत जाते कशाने? कारणं अनेक. मोटर विजेची भुकेली आहे. हेडलाइटचा एक बल्ब साधारण पाच अँपिअर खातो. उभ्या गाडीची चाकं वळवताना ही मोटर पन्नासच्याही वर जाऊ शकते. बॅटरी कमजोर असेल, अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल, अर्थिंग सैल असेल, तर संगणक मदत कमी करतो किंवा बंद करतो. अरुंद जागेत उभ्या गाडीचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वारंवार फिरवलं, तर मोटर तापते आणि ती जळू नये म्हणून मदत कमी होते. सेन्सर बिघडू शकतो, वायरीत पाणी शिरू शकतं, क्वचित संगणकातला प्रोग्रामही चुकतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने 2018 साली 2015 मॉडेलच्या सिल्व्हराडो, सिएरा पिकअप आणि काही एसयूव्ही परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेतच त्या 10 लाखांहून जास्त होत्या. हळू वळताना स्टेअरिंगची मदत क्षणभर जायची आणि एकदम परत यायची. ती परत येणंही धोक्याचंच, कारण चालक तोवर पूर्ण जोर लावून बसलेला असतो. इलाज होता नवा प्रोग्राम भरणं. स्पॅनर लागलाच नाही.

तेलाच्या स्टेअरिंगचं वेगळं आहे. तिथे बहुतेक वेळा स्टेअरिंगसाठी वेगळा दिवाच नसतो. पण काही गाड्यांत एकच पट्टा पंप, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो. तो तुटला की बॅटरीचा लाल दिवा पेटतो, स्टेअरिंग जड होतं आणि तापमानाचा काटा चढायला लागतो. बॅटरीचा दिवा पाहून "शहरात गेल्यावर बघू" म्हणणारा माणूस इंजिनही गमावतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दिव्यावरून काय अनुमान काढायचं? धुरावरून अग्नी कळतो, कारण धूर असेल तिथं अग्नी असतोच. दिव्यावरून एवढंच कळतं की संगणकाला काहीतरी नेमात दिसलेलं नाही. काय बिघडलं ते दिवा सांगत नाही. ते स्कॅनरच्या कोडवरून थोडं कळतं आणि मिस्त्रीने वायरीला हात लावल्यावर पूर्ण कळतं. म्हणून कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. धुरावर चादर टाकली म्हणून आग विझत नाही.

पण याहून महत्त्वाचा प्रश्न उलटा आहे. दिवा पेटला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे का? नैयायिकांनी याचंही उदाहरण देऊन ठेवलंय: तापवलेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. धूर असेल तिथं अग्नी, हे खरं. अग्नी असेल तिथं धूर, हे खरं नाही.

स्टेअरिंगमधला तो तापलेला गोळा म्हणजे टायरॉड. स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा हा दांडा, त्याच्या टोकाला बॉल जॉइंट. तिथे कुठलाही सेन्सर नाही. जॉइंट झिजला, दांड्याला तडा गेला, तरी मीटर गप्प. जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या परत बोलावल्या. 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 या काळात बनलेल्या. कारण होतं टायरॉडच्या एका भागातला संभाव्य दोष. तो भाग क्वचित तुटू शकतो आणि गाडी वळवण्यावर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच कळवलं आणि भाग मोफत बदलून दिला. ईको आपल्याकडे माल वाहायलाही वापरतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अशा दोषाची सूचना कुठल्याही दिव्याने दिली नसती.

मीमांसक म्हणतात, न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं, पण एका अटीवर. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. मीटरचा उजेड टायरॉडपर्यंत पोचत नाही. तिथे हात, कान आणि डोळेच लागतात. स्टेअरिंगला रिकामा खेळ वाढलाय का? खड्ड्यात खटखट आवाज येतो का? गाडी एका बाजूला ओढते का? पुढचे टायर आतून किंवा बाहेरून एकांगी झिजतायत का? मागे जास्त माल भरला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग भरवशाचं राहत नाही. औट्रम घाट उतरण्याआधी हे पाहायचं असतं, घाटात नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, "चालताना जड झालं तर करायचं काय?" सांगतो. घाबरून इंजिन बंद करू नका, त्याने ब्रेकची मदतही जाते. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हळूहळू ब्रेक लावत गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर दिवा विझला, तरी तपासणी टाळू नका. बॅटरीची टोकं, अर्थिंग, फ्यूज, पट्टा, तेलाची पातळी, याच क्रमाने स्वस्तातल्या गोष्टी आधी पाहायला सांगा. चासी नंबर देऊन आपल्या गाडीचं रिकॉल निघालंय का, तेही विचारा. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम 110अ आलं. त्यानुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या तर कंपनीला भाग पाडता येतं. पण तक्रार नोंदवली तरच ती मोजली जाते. चहाच्या टपरीवर केलेली मोजली जात नाही.

शेवटचं एक सांगतो. दिवा ड्रायव्हरला दिसतो. गाडी उभी ठेवायची की नाही, हे पुष्कळदा मालक ठरवतो. मालकाच्या डोक्यावर हप्ता असतो, व्यापाऱ्याला माल पहाटेच हवा असतो. ज्याला कळतं त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला दिवा दिसत नाही. ज्ञान आणि अधिकार असे वेगळे पडले की जखमी होणारा बहुतेक वेळा तिसराच असतो. त्या पहाटे फाटकात तो हमाल होता. त्याला ना दिवा दिसत होता, ना हप्ता भरायचा होता.

म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्या गाड्या दुसरे कुणी चालवतात, त्यांना एवढीच विनंती आहे. ड्रायव्हरने "दिवा पेटलाय" असा फोन केला, तर "चालतेय ना?" असं विचारू नका. "कुठला दिवा, कुठला रंग?" असं विचारा.