वेदनाशमनाचे जुने मार्ग : सुई, तुंबडी आणि डागणी

नर्मदेच्या दक्षिण तीरावर, सातपुड्याच्या कुशीत वसलेले नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सर्वप्रथम ग्रासले आणि १९९३ च्या बुडितानंतर त्याचे नाव देशोदेशींच्या धरणचर्चेत पोहोचले. पुढल्याच वर्षी, जागतिक बँकेने मोठ्या धरणांना अर्थसाहाय्य देणे थांबवावे अशी मागणी करणारा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा याच गावाच्या नावाने प्रसिद्ध झाला. विस्थापनाची ही कैफियत सरकारदरबारी बऱ्यावाईट रीतीने दाखल झाली आहे. परंतु डोंगर आणि जलाशय यांच्यामध्ये अडकलेल्या या मुलखात माणसाची कंबर धरली, गुडघे सुजले किंवा रात्र रात्र हाडे ठणकली, तर त्याने जावे कोणाकडे, या साध्या प्रश्नाची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. जेथे बालकांचे वजन करण्यासाठी अंगणवाडी सेविकेला स्वतः होडी वल्हवत पाडे गाठावे लागतात, तेथे भगत, सुईण आणि रानातील पाला यांनाच प्रथम हाक जावी, हे स्वाभाविक आहे. म्हणून वेदनाशमनाच्या परंपरागत उपचारांचा आढावा घेताना असा मुलूख नजरेसमोर ठेवणे मला अगत्याचे वाटते.

आपल्याकडील या उपचारांची मिरास मोठी आहे. रुईचे पान तेल लावून गरम करून सांध्यावर बांधणे, निर्गुडीच्या पाल्याने शेकणे, मुरगळलेल्या पायावर बिब्बा घालणे हे घरगुती दस्तूर महाराष्ट्राच्या सर्व भागांत आढळतात. वैदू लोक गावोगाव हिंडून तुंबडी लावीत, आणि या प्रघाताला सुश्रुतसंहितेचा भक्कम आधार आहे. तिच्या सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात वाताने दूषित झालेले रक्त शृंगाने, पित्ताने दूषित झालेले जळवांनी आणि कफाने दूषित झालेले अलाबूने, म्हणजे पोकळ भोपळ्याने, काढावे अशी व्यवस्था लावून दिली आहे. त्याच संहितेने शरीरातील १०७ मर्मे गणली, शिरावेधाचे, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्याचे, नियम घालून दिले आणि अग्निकर्माला, म्हणजे डागणीला, एक संपूर्ण अध्याय दिला. मात्र अग्निकर्म कोणावर करू नये याच्या यादीत तिने बालक, वृद्ध, दुर्बल आणि भित्रा रुग्ण यांची स्पष्ट नोंद केली, ही गोष्ट विसरली गेली. पोटफुगीने रडणाऱ्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याचे प्रकार मेळघाटातून अद्याप उघडकीस येतात, तेव्हा परंपरेचा दाखला देणाऱ्याने त्या परंपरेतील निषेधही वाचावा, असे कळकळीने सांगावेसे वाटते.

सुईची चिनी विद्या याहून निराळ्या वाटेने विकसित झाली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात तिचे तत्त्वज्ञान ग्रथित आहे, आणि शरीरावरील तिचे प्रमाणित बिंदू ३६१ मानले जातात. भारतात ती येण्यामागे एका महाराष्ट्रीय नावाशी निगडित असलेला इतिहास आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे विजयकुमार बसू हे होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. बसू मात्र पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुईचे शास्त्र शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी त्याचा पाया घातला. लुधियान्यात आज कोटणिसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालय चालते. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या चिकित्सेला कायद्याचे अधिष्ठान दिले, तर केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली.

कायद्याची मोहोर उमटली म्हणजे गुण सिद्ध झाला असे नव्हे. त्यासाठी परीक्षाच हवी. सुईच्या बाजूने पाहता, १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्यांना अटकाव होऊ शकतो, आणि स्पर्शाची दुसरी संवेदना तो अटकाव घडवू शकते. १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतील अफूसदृश द्रव्ये शोधून काढली, आणि पुढील काही प्रयोगांत, त्या द्रव्यांना निष्प्रभ करणारे औषध दिले असता सुईने आलेली बधिरता ओसरते, असे दिसून आले. याच्या उलट बाजूस, जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेली व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ठेवली पाहिजे : शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी केवळ २७ टक्क्यांना. सुईने अनेकांना आराम पडतो, परंतु तो नेमक्या बिंदूमुळेच पडतो हा दावा दुबळा आहे, एवढाच प्रामाणिक निष्कर्ष यातून निघतो. टोचण्याची क्रिया, रुग्णाला दिलेला निवांत वेळ आणि उपचारावरची श्रद्धा यांचा वाटा त्यात मोठा असावा. आणि जुनाट दुखण्याने गांजलेल्या माणसाला मिळालेला आराम त्यामुळे तुच्छ ठरत नाही.

तथापि वेदना ही शरीराने गुदरलेली फिर्याद आहे, आणि तिची चौकशी होण्यापूर्वीच ती निकालात काढणे हा अन्याय होय. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. थंडी, ताप, श्रम किंवा अंगातील पाणी कमी होणे यांपैकी कशानेही हाडांत आणि छातीपोटात असह्य कळा उठतात. अशा रुग्णाला पाणी, ऊब, वेळेवर वेदनाशामके आणि प्रसंगी प्राणवायू किंवा रक्त लागते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात. तुंबडीने त्याचे आधीच तोकडे असलेले रक्त काढणे किंवा डागून जखमेत जंतूंना वाट देणे म्हणजे दुखण्यावर संकट लादणे होय. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाऊन वाकलेल्या कमरेने परतणाऱ्या मजुराचे दुखणे आणि सिकलसेलच्या बालकाची कळ बाहेरून सारखीच भासली, तरी पहिल्याला शेक, विश्रांती व सुई यांचा लाभ होऊ शकतो, तर दुसऱ्याचा विलंबाने प्राण जाऊ शकतो.

म्हणून प्रत्येक उपचाराचा न्याय स्वतंत्रपणे झाला पाहिजे. शेक आणि लेप यांना पूर्ण मुभा असावी, बिब्ब्याने अंगावर फोड उठतात हे सांगून. शिकलेल्या हातातील, एकदाच वापरावयाची निर्जंतुक सुई ही तुलनेने निर्धोक आहे. अडाणी हातात मात्र तीच छातीत खोल जाऊन फुफ्फुसाला भोक पाडू शकते आणि अस्वच्छ असेल तर कावीळ पसरविते. बालकांवरची डागणी तर सर्वथा बंद झाली पाहिजे. ती केवळ हुकमाने बंद होणार नाही, कारण चटका देणारी आजी मुलाच्या मायेपोटीच तो देत असते, आणि तिच्या हाकेला दुसरे कोणी धावून येत नाही हे तिला अनुभवाने ठाऊक असते.

मणिबेलीसारख्या गावांसाठी करावयाची तजवीज यातून आपोआप स्पष्ट होते. होडीने पोहोचणाऱ्या आरोग्यपथकाजवळ सिकलसेलची तपासणी आणि वेदनाशामके हवीत. प्रत्येक घराच्या रक्ततपासणीची नोंद दप्तरात हवी. भगत आणि सुईण यांना गुन्हेगार न लेखता, कोणते दुखणे आपल्या हातचे नाही हे ओळखून रुग्ण पुढे धाडण्याचे शिक्षण आणि त्याचा मान त्यांना मिळावा. त्यानंतर सुईची विद्या जाणणारा एखादा शिक्षित उपचारक तेथे जाऊन ऊसतोड्यांच्या कमरा मोकळ्या करील, तर त्याचे मनापासून स्वागत करावे. आधी निदान, मग शमन, हा क्रम शहरातील रुग्णाला विनासायास मिळतो. ज्यांची जमीन देशाच्या धरणात बुडाली त्यांना तो मिळवून देणे हे शासनाचे आणि समाजाचे थकलेले देणे आहे.