सौरऊर्जेला जमीन किती लागते, आणि ती कुणाची?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्यभर प्रकल्प उभे राहत आहेत. 2023 पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. उपकेंद्राजवळची सरकारी जमीन त्यासाठी नाममात्र भाड्याने दिली जाते आणि त्यात गायरानही येते. म्हणून हा हिशेब आपल्या तरुणांना तोंडपाठ हवा.

1 मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर जागा लागते. त्यातून वर्षाला सुमारे 15 लाख युनिट वीज मिळते. देऊळघाटसारख्या गावातल्या हजार घरांना महिन्याला प्रत्येकी 100 युनिट धरले, तर वर्षाला 12 लाख युनिट होतात. म्हणजे हजार घरांसाठी 4 एकर पुरेत. योजनेचं 16,000 मेगावॅटचं उद्दिष्ट धरलं, तरी 80,000 एकर लागतील. हे राज्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण हजारावा भाग आहे.

तेव्हा जमीन कमी पडते, हे खरं नाही. प्रश्न आहे तो कुणाची जमीन घेतली जाते हा. भूमिहीनांनी गायरानं कसली, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 चे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरीही अनेकांचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं नाही. कागदावर ती जमीन मोकळी दिसते. प्रत्यक्षात तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं.

खासगी जमीनमालकाला याच योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला मात्र ‘अतिक्रमणधारक’ म्हणून हात हलवत जावं लागतं.

छपराचा पर्यायही आहे. 1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट छप्पर लागतं आणि रोज 4 युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत त्यासाठी 30,000 रुपये अनुदान आहे. घरं, शाळा, विहारांची छपरं वापरली तर तेवढं गायरान वाचेल.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेबांकडे मजूर खातं होतं आणि विजेचं धोरणही त्याच खात्याकडे होतं. त्यामुळे विजेला विरोध ही आपली भूमिका असू शकत नाही. आपल्या गावातल्या गायरानाचे गट क्रमांक काढा, कसणाऱ्यांची यादी करा, पीकपाहणी, दंडाच्या पावत्या असे जुने पुरावे गोळा करा आणि ग्रामसभेत नोंदवा. प्रकल्पाचा ठराव येण्याआधी हे झालं पाहिजे.