पाच चोर आणि एक आजीबाई

सिनेमाचं तिकीट काढताना आपण बहुतेक वेळा नावांवर विश्वास टाकतो. नट कोण, दिग्दर्शक कोण, एवढं कळलं की आपण निर्धास्त होतो. आणि मग कधीकधी दोन तासांनी बाहेर पडताना मन खट्टू होतं. सिनेमा अगदीच टाकाऊ असता तर आपण तो विसरून गेलो असतो. पण इतकी गुणी माणसं एकत्र येऊनही काही जमलं नाही, ही गोष्ट मनाला लागून राहते. असं का होतं, ते आज एका उदाहरणावरून पाहू. मी हे उदाहरण निवडलं, कारण यात एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली. एकदा ती फक्कड जमली आणि एकदा फसली.

सिनेमाचं नाव ‘द लेडीकिलर्स’. पहिला १९५५ सालचा, लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा. लेखक विल्यम रोझ, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ एका कललेल्या घरात मिसेस विल्बरफोर्स ही वृद्ध विधवा पोपट सांभाळत एकटी राहते. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी घर असं खचलंय, की भिंतीवरची तसबीर सरळ म्हणून राहत नाही. तिच्याकडे प्रोफेसर मार्कस नावाचे अतिनम्र गृहस्थ खोल्या भाड्यानं घेतात. त्यांचे चार मित्र वाद्यं घेऊन तालमीला येतात. दार बंद झालं की ग्रामोफोनवर बोकेरिनीचं संगीत लागतं आणि आत दरोड्याचा बेत शिजतो. कळस म्हणजे, लुटीचे पैसे भरलेली ट्रंक स्टेशनवरून घरी आणण्याचं काम ते या भाबड्या आजीबाईंवरच सोपवतात.

पुढे बिंग फुटतं. आजीबाई निक्षून सांगतात, पैसे परत करा. आता त्यांना संपवल्याशिवाय सुटका नाही, हे पाचही जणांना कळतं. कुणी मारायचं ते काड्या ओढून ठरतं. पण ते काम कुणाच्याच हातून होत नाही. उलट एकेक करून तेच मरतात, आणि त्यांची प्रेतं घरामागच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीत पडतात.

हीच गोष्ट २००४ साली जोएल आणि ईथन कोएन या भावांनी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात नेली. पैशांच्या गाडीऐवजी नदीवरचं तरंगतं जुगारघर आलं, ट्रंकेऐवजी आजीबाईंच्या तळघरातून खणलेला बोगदा आला, आणि मालगाडीच्या जागी पुलाखालून जाणारं कचऱ्याचं जहाज. प्रोफेसर झाले टॉम हँक्स. सोबत जे. के. सिमन्स, मार्लन वेयन्स, त्झी मा, रायन हर्स्ट. आजीबाईंच्या भूमिकेत अर्मा पी. हॉल.

यातलं कुणी कच्चं होतं म्हणावं, तर तसंही नाही. हँक्स यांनी १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर मिळवलं होतं. कोएन बंधूंना ‘फार्गो’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालेलं होतं, आणि तोही गुन्हा व विनोद यांचाच सिनेमा. सिमन्स यांना पुढे ‘व्हिपलॅश’साठी तोच मान मिळाला. मग घोडं पेंड खातं कुठे?

श्रोतेहो, मला याचं उत्तर चहाच्या एका प्रसंगात सापडतं. जुन्या सिनेमात आजीबाईंना दरोड्याचा पत्ता लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या वयस्कर मैत्रिणी चहाला येऊन थडकतात. आता करायचं काय? पाच अट्टल गुन्हेगार निमूटपणे त्या बायकांच्या सरबराईला लागतात. पियानोलाभोवती उभं राहून गाणं म्हणायची पाळी त्यांच्यावर येते. त्या पाचांत हर्बर्ट लोम यांचा लुई आहे. तो खरोखर भीती वाटावी असा माणूस आहे आणि सबंध सिनेमात एकदाही विनोद करत नाही. असा माणूस चहापार्टीत अवघडून उभा राहतो, म्हणून आपल्याला हसू फुटतं. धोका खरा आहे आणि शिष्टाचारानं हात बांधलेले आहेत, या दोहोंच्या ओढाताणीतून तो विनोद निघतो.

नव्या सिनेमातही चर्चमधल्या बायका घरी येतात. पण तिथे हँक्स त्यांना एडगर ॲलन पो याची कविता म्हणून दाखवतात. म्हणतात छानच. आपण त्यांच्या शब्दफेकीला दाद देतो, पण तळघरात काय चाललंय याचा धाक त्या वेळी मनात उरत नाही. धाक गेला की गुन्ह्याच्या विनोदातली हवाच जाते.

दुसरी गोष्ट पात्रांची. नव्या सिनेमात प्रत्येकाला एकेक खोड दिली आहे. एकाला पोटाचा विकार, एकाच्या तोंडी अखंड शिव्या, एक फारसं न बोलता सिगारेट ओढणारा, एक मठ्ठ पैलवानगडी. खोड पहिल्यांदा पाहताना गंमत येते. चौथ्यांदा ती फक्त आठवण करून देते, की या नटाला करायला दुसरं काही दिलेलं नाही. जुन्यातही पात्रं ठोकळेबाज आहेतच. पण डॅनी ग्रीन यांचा तो अडाणी मुष्टियोद्धा आजीबाईंवर खरी माया करू लागतो, त्यांच्या केसाला धक्का लावू द्यायला तयार होत नाही, आणि तिथून टोळी फुटते. त्याच्या स्वभावानं गोष्ट वळते. नव्यातल्या मठ्ठ गड्यालाही शेवटी दया येते. पण तोवर त्या दोघांमधला जिव्हाळा आपल्याला पुरेसा दिसलेलाच नसतो. नट पाच, पण प्रत्येक जण आपापल्या अंगणात खेळतो. एकाचं बोलणं दुसऱ्याला लागत नाही.

आता गंमत पाहा. दोन्ही सिनेमांत बक्षीस मिळालं ते आजीबाईंना. १९५५च्या सिनेमासाठी केटी जॉन्सन यांना ब्रिटिश फिल्म अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. २००४ साली अर्मा पी. हॉल यांना कान महोत्सवात परीक्षकांचं पारितोषिक मिळालं. मला वाटतं, हा योगायोग नाही. हसवायचा प्रयत्न न करणारी भूमिका ती एकच आहे. आजीबाईंच्या लेखी हा विनोदी सिनेमा नाहीच. घरात परकी माणसं आहेत, त्यांनी नीट वागावं, एवढंच त्यांचं म्हणणं. जुन्या सिनेमात चोरही तितक्याच गांभीर्यानं चोरी करतात. नव्यात आजीबाईंखेरीज बाकी सगळ्यांना जणू आधीच कळलेलं असतं, की आपण विनोदी सिनेमात आहोत.

केटी जॉन्सन यांचा जन्म १८७८चा. जन्मभर रंगभूमीवर आणि पडद्यावर लहानसहान कामं करत आलेल्या या बाईंना पंचाहत्तरी उलटल्यावर ही भूमिका मिळाली. १९५७ साली त्या गेल्या. पटकथेनं त्यांना दगा दिला असता, तर दुसरी संधी नव्हती. हॉल यादेखील अनेक वर्षं शाळेत शिकवून मग अभिनयाकडे वळलेल्या. म्हणून गुणी नट वाया गेला, की मला नुसतं तिकिटाच्या पैशांचं वाईट वाटत नाही. नटाच्या आयुष्यात चांगल्या भूमिका मोजक्याच येतात. त्यातली एक फुकट गेलेली असते.

कोएन बंधू त्या एका अपयशानं संपले नाहीत. २००७ साली त्यांनी ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ केला आणि त्याला चार ऑस्कर मिळाली. त्यात खलनायक क्षणभरही गंमत करत नाही, आणि म्हणूनच मधेच एखाद्या साध्या दुकानदाराशी झालेलं त्याचं बोलणं हसवता हसवता अंगावर काटा आणतं.

जमल्यास दोन्ही ‘लेडीकिलर्स’ लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा. आधी नवा, मग जुना. नव्यातलं भजनी संगीत कान देऊन ऐका, ते सुरेख आहे. आणि जुन्यात, एक जण बोलत असताना बाकीचे चौघे काय करतात, तिकडे लक्ष ठेवा. ते ऐकत असतात.