आधी वही, मग दुकान

नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसू लागतात. करंजवण आणि पालखेड धरणांच्या पाण्यावर या तालुक्याची शेती उभी राहिली आणि शेतीच्या आधाराने इथली बाजारपेठ वाढली. अशा बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या किराणा, कापड, धान्य आणि शेतीच्या औषधांचा व्यापार करणाऱ्या घरांत आज एक नवा प्रश्न विचारला जातो. शिकून परतलेला मुलगा, मुलगी किंवा सून म्हणते, ‘मला स्वतःचे काही सुरू करायचे आहे.’ वडीलधाऱ्यांना आनंद होतो आणि धास्तीही वाटते. पणाला लागणार असते ती केवळ घरातली शिल्लक नव्हे, तर बाजारात आजोबांच्या नावाने चालत आलेली पतही.

‘कोणता धंदा करावा?’ याची चर्चा अशा वेळी पुष्कळ होते. ‘त्याची नोंद कशी ठेवावी?’ हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक नवा व्यवसाय टिकतो की बुडतो, याचे उत्तर बहुधा दुसऱ्या प्रश्नात असते.

मोहाडीचा धडा

याचे उत्तम उदाहरण दिंडोरी तालुक्यातच, मोहाडी येथे आहे. कृषी अभियांत्रिकी शिकलेले, शेतकरी कुटुंबातील विलास शिंदे यांना सुरुवातीच्या शेतीप्रयोगांत तोटा सोसावा लागला. २००४ मध्ये काही शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी युरोपला द्राक्षे पाठवण्यास प्रारंभ केला. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळला. माल नाकारला गेला आणि निर्यातदारांसह शेकडो बागाईतदार अडचणीत आले. फळ दिसायला सुंदर होते, गोडीही होती. पण परदेशी ग्राहकाचा विश्वास एका अदृश्य अंशाने गमावला.

या सुमारास उभ्या राहिलेल्या ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीने नोंदीला व्यवसायाचा कणा मानले. कोणत्या बागेत कोणती फवारणी कधी झाली, माल कोणत्या दिवशी काढला, कोणत्या पेटीत भरला, हे मागे जाऊन पाहता आले पाहिजे, हा निर्यातीचा नियम तिने अंगी बाणवला. पुढे टोमॅटो व इतर फळभाज्यांची प्रक्रियाही मोहाडीत होऊ लागली. २०२२ मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांनी या समूहाच्या प्रक्रिया कंपनीत सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. एवढी रक्कम केवळ बागा पाहून कोणी देत नाही. ती वह्या तपासून दिली जाते.

चाळीसचे चार कसे होतात

मोठ्या उद्योगाची ही गोष्ट छोट्या दुकानालाही लागू पडते. समजा, दिंडोरीतील एका घरातील सुनेने बेदाणा बांधून विकण्याचे ठरवले. एक किलो बेदाण्यासाठी साधारण चार किलो द्राक्षे लागतात. द्राक्षांचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर कच्चा माल १२० रुपयांचा झाला. द्रावणात बुडवणे, शेडमध्ये जाळीवर वाळवणे, निवडणे आणि मजुरी यांचे ३५ रुपये. शीतगृह, वेष्टन आणि वाहतूक यांचे २५ रुपये. एकूण खर्च १८० रुपये. दुकानदाराला भाव २२० रुपये. कागदावर किलोमागे ४० रुपये नफा दिसतो.

आता राहिलेल्या रकमा मांडाव्यात. दुकानदार तीन महिन्यांनी पैसे देणार असेल, तर वर्षाला १२ टक्के दराने गुंतलेल्या पैशाचे व्याज सुमारे ५ रुपये. वजनातील घट आणि खराब माल यांचे ५ रुपये. स्वतःच्या श्रमाचे किमान १५ रुपये. वीस दुकानदारांत एकाने पैसे बुडवले, तर प्रत्येक किलोवर ११ रुपयांचा भार. चाळिसांतून छत्तीस गेले, उरले चार. हे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु हिशेबाची पद्धत खरी आहे. नवउद्योजक बहुधा कच्च्या मालाचा खर्च अचूक मांडतो आणि व्याज, घट, स्वतःचे श्रम व बुडीत उधारी विसरतो. घरची जागा वापरली म्हणून भाडे न धरणे, ही त्याच जातीची चूक होय.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी किंवा गाळा भाड्याने घेण्यापूर्वी थोडा माल करून अनोळखी ग्राहकाला रोखीने विकून पाहावा. नातलग कौतुकाने घेतात. ते मागणीचे प्रमाण नव्हे. तोच अनोळखी ग्राहक दुसऱ्यांदा पैसे मोजून आला, तर पाया घट्ट आहे असे समजावे.

सात हजार रुपये आणि एक कबुली

जळगावच्या भवरलाल जैन यांची सुरुवात या समाजाला परिचित आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदच्या या तरुणाने वाणिज्य व कायद्याचे शिक्षण घेऊन सरकारी नोकरीची संधी नाकारली. १९६३ मध्ये घरातील तीन पिढ्यांच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलच्या व्यापाराने प्रारंभ केला. १९७८ मध्ये बंद पडलेला केळी-भुकटीचा कारखाना घेऊन त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन बनवले. पुढे नळ आणि ठिबक सिंचन आले. प्रत्येक पाऊल शेतकरी या एकाच ग्राहकाच्या ओळखीतून पडले होते.

त्यांच्या यशाइतकीच शिकण्याजोगी त्यांची कबुली आहे. नव्वदच्या दशकात कंपनी वित्त, ग्रॅनाइट, माहिती तंत्रज्ञान अशा अनोळखी क्षेत्रांत शिरली आणि मोठा तोटा झाला. भवरलालजींनी चूक लपवली नाही. भागधारकांपुढे ती मान्य केली आणि ते पुन्हा शेतीकडे वळले. नव्या उद्योजकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपल्याला ग्राहक कोणत्या क्षेत्रातील कळतो, हे आधी ओळखावे. आणि चूक झाली तर ती वहीत जशीच्या तशी लिहावी. सावरण्याची वाट तिथूनच सापडते.

घरचा पैसा, कागदावरचा करार

व्यापारी घरात भांडवल बहुधा काकांकडून, मामांकडून किंवा सासरहून येते. ‘घरच्यात काय लिहायचे?’ या संकोचातूनच पुढे भाऊबंदकी जन्मते. रक्कम देणगी आहे, कर्ज आहे की भागीदारी, हे पहिल्याच दिवशी लिहावे. भागीदारीचा करार केवळ करून थांबू नये, तर तिची नोंदणीही करावी. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून निर्माण झालेल्या हक्कांसाठी बाहेरच्या देणेकऱ्यावर दावा लावता येत नाही. शिवाय साध्या भागीदारीत पेढीचे देणे प्रत्येक भागीदाराच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचते, हे घरातील सर्वांना समजावून सांगावे.

व्यवसायाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे असावे. गल्ल्यातून घरखर्च काढायचा तर ठरावीक रक्कम, ठरावीक तारखेला आणि नोंद करूनच. बाहेरून कर्ज हवे असेल तर मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’मध्ये ५ लाख व ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. तेव्हाही बँक अधिकारी प्रथम खात्यातील उलाढालच पाहतो.

उधारीची मर्यादा

उधारीशिवाय व्यापार नाही, हे खरे. पण नव्या धंद्याने कोणाला किती आणि किती दिवस, हे ठरवल्याखेरीज माल सोडू नये. एका ग्राहकाकडे इतकी रक्कम अडकू देऊ नये की तो थांबला तर आपलेच दुकान थांबेल. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकाला आधार दिला आहे. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत, करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य असून ती वेळीच करावी. मात्र केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही नोंदणी २०२१ पासून बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतीच उपयोगी आहे. थकबाकीचे हे संरक्षण त्याला मिळत नाही. म्हणून व्यापाऱ्याचे खरे संरक्षण त्याची स्वतःची शिस्त हेच होय.

व्रताची चौकट

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाहिले, तर ते जणू दुकानदारासाठीच सांगितले आहेत, असे वाटते. चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, खोटे वजन-माप वापरणे आणि चांगल्या मालात हलका मिसळणे, हे सारे तिथे दोष ठरवले आहेत. करचुकवेगिरी, कमी वजनाची पाकिटे आणि भेसळ यांबद्दल आजचा कायदा तरी याहून वेगळे काय सांगतो? परिग्रह-परिमाणही व्यवहारात उतरवता येते. कर्ज किती घ्यायचे आणि घरातील किती रकमेला हात लावायचा नाही, याची मर्यादा सुरुवातीलाच लिहून ठेवावी. ती ओलांडण्याची वेळ आली तर धंदा थांबवण्यात कमीपणा नाही. वेळेवर मिटवलेले दुकान घराची पत राखते. हट्टाने ओढलेले दुकान ती घेऊन जाते.

दिवाळीला वहीपूजन होते, वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाते. नव्या व्यवसायात हे पूजन वर्षातून एकदा पुरत नाही. रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे वही उघडावी. आज किती विकले, किती रोख आले, कोणाकडे किती राहिले आणि उद्या कोणाला काय द्यायचे, एवढे चार आकडे लिहावेत. घरातील ज्येष्ठांना महिन्यातून एकदा ती वही दाखवावी. ज्या घरात हे जमते, तिथे वडिलांची धास्ती हळूहळू कमी होते आणि नव्या पिढीच्या नावाचीही पत बाजारात उभी राहते.