ओरखडे जावेत, रंग राहावा

लोणावळ्याच्या पावसात भुशी धरणापर्यंत जाऊन आलेल्या गाडीवरचा चिखल वाळतो आणि आपण तो कोरड्या फडक्याने पुसतो. मातीचे कण रंगावर बारीक ओरखडे पाडतात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात, ती हीच वर्तुळे.

पॉलिश हे ओरखडे भरत नाही. रंगावरचा पारदर्शक थर ते ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवते आणि हा थर असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, केसाहून पातळ! म्हणून यंत्राची ताकद नंतर पाहा, आपली चूक ते किती सोसेल हे आधी.

गॅरेजमधले रोटरी यंत्र एकाच आसाभोवती फिरते. काम झपाट्याने होते. पण हात रेंगाळला की तिथेच उष्णता साठते आणि कडेचा रंग जळतो. ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ यंत्राची चकती फिरता फिरता हेलकावेही घेते, त्यामुळे उष्णता पसरते. फार दाबले तर बहुतेक यंत्रांत तिचे फिरणेच थांबते. वेळ जास्त लागतो, लागू द्या; घरच्या गाडीला हेच घ्यावे. फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर मात्र मागून आणू नका. तो मिनिटाला १०,००० च्या वर फेरे घेतो.

आणि नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल, तर तो पेंटरकडेच न्यावा.