क्रॉसमॅच न केलेलं रक्त: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर मलकापूरच्या पुढे, आंबा घाटाच्या बाजूला अपघात झाला तर गंभीर जखमीला बहुधा कोल्हापूरलाच हलवावं लागतं. मलकापूर ते कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय हेच अंतर 40-45 किलोमीटर. मलकापूरच्या शाहूवाडी तालुक्यातला रुग्ण तिथे पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो आणि रक्तही. अशा वेळी डॉक्टर कधी कधी क्रॉसमॅचसाठी न थांबता रक्त लावतात, आणि बाहेर बसलेले नातेवाईक धास्तावतात. या धास्तीमागचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: क्रॉसमॅच नाही, म्हणजे रक्त न तपासताच लावलं.

वस्तुस्थिती: या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया आणि दात्याचा रक्तगट हे सगळं रक्तपेढीने पिशवी साठ्यात घेण्याआधीच तपासलेलं असतं. क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून दोन्ही जुळतात का, ते पाहतात. पूर्ण चाचणीला पाऊण ते एक तास लागतो. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर लेखी मागणी करतात आणि तेवढीच चाचणी मागे ठेवली जाते. पहिली पिशवी लावण्याआधी रुग्णाचा नमुना घेतात. इकडे रक्त चालू असतं, तिकडे पेढीत चाचणीही चालू असते. काही न जुळल्याचं दिसलं, की वॉर्डात लगेच कळवतात.

गैरसमज: लायसनवर रक्तगट लिहिलाय, तोच द्यावा.

वस्तुस्थिती: कागदावरच्या गटावर विसंबून रक्त देत नाहीत. ओ गटाच्या माणसाला चुकून ए गटाचं रक्त गेलं, तर पेशी फुटतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जातो. म्हणून गट कळेपर्यंत ओ गटाच्या लाल पेशी देतात, कारण त्यांच्यावर ए किंवा बी प्रतिजन नसतो. नमुन्यावरून गट कळायला 5-10 मिनिटं पुरतात. त्यानंतर रुग्णाच्याच गटाचं रक्त सुरू करता येतं.

गैरसमज: ओ निगेटिव्ह मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

वस्तुस्थिती: भारतात आरएच निगेटिव्ह माणसं साधारण 5 टक्के, त्यामुळे ओ निगेटिव्ह कायमच तुटपुंजं. ते आधी मुलींसाठी आणि पुढे मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांसाठी राखतात. निगेटिव्ह स्त्रीला पॉझिटिव्ह रक्त दिलं, तर तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं पुढच्या गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात. पुरुषांना आणि उतारवयातल्या स्त्रियांना निकडीच्या वेळी ओ पॉझिटिव्ह देतात. भळाभळा रक्त वाहत असताना थांबण्यात त्याहून मोठा धोका आहे.

गैरसमज: ओ निगेटिव्ह सगळ्यांनाच चालतं, मग क्रॉसमॅच हवाच कशाला?

वस्तुस्थिती: सगळ्यांना चालत नाही, हे मुंबईतच उघड झालं. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध जगासमोर मांडला. हा गट भारतात सुमारे 10,000 माणसांत एकाचा. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण या रुग्णांना कोणतंही ओ रक्त सोसत नाही. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. शिवाय पूर्वी रक्त घेतलेल्यांच्या किंवा बाळंतपण झालेल्या स्त्रियांच्या शरीरात इतर प्रतिद्रव्यं असू शकतात. म्हणून असा काही पूर्वेतिहास असेल तर नातेवाइकांनी तो विचारायची वाट न पाहता सांगावा. बहुतेकांना क्रॉसमॅचशिवाय दिलेलं ओ रक्त सोसतं. धोका थोडा असतो, पण असतो. म्हणूनच हा मार्ग फक्त जिवावर बेतल्यावरचा.

गैरसमज: भावाचं रक्त काढून लगेच लावा, घरचं रक्त सगळ्यांत सुरक्षित.

वस्तुस्थिती: न तपासता थेट लावलेल्या रक्तातून संसर्ग होऊ शकतो. त्यातच सख्ख्या नात्यातल्या रक्तामधल्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात आणि तो आजार बहुतेकदा जीवघेणा ठरतो. नातेवाइकांनी रक्त जरूर द्यावं, पण पेढीच्या साठ्यासाठी.

अपघाताच्या जागी आपल्या हाती असतं ते एवढंच: जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरणं आणि 108 ला फोन करणं. मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 134 अ चं संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने मागे फिरू नये.

रुग्णालयात पोचल्यावर उपयोगी पडतं ते रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये आधीपासून ठेवलेलं रक्त. लाल पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात जमलेल्या पिशव्या एप्रिल लागताच बाद होतात, आणि सुट्टीतली कोकणाकडची गर्दी आंबा घाटात लोटते ती मे महिन्यात. पुरुषांना दर 3 महिन्यांनी आणि स्त्रियांना दर 4 महिन्यांनी रक्तदान करता येतं. गावातल्या मंडळांनी एकाच दिवशी मोठं शिबिर भरवण्याऐवजी वर्षभराच्या तारखा आपसांत वाटून घेतल्या, तर मे महिन्यातही साठा राहील.